न आलेल्या पानाची किंमत

टेक्सास होल्डेमच्या डावात तुमच्या हातात बदामचा एक्का आणि बदामची पंजी आहे. टेबलावर पहिली तीन पाने उघडली: बदामचा राजा, बदामची नव्वी आणि किलवरची चौकी. बदामची चार पाने जमली. पाचवे आले की फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पाने, होईल, आणि एक्का तुमच्याकडे असल्याने त्या फ्लशहून वरचा फ्लश कोणाचाही होणार नाही. पण या क्षणी तुमच्याकडे साधी जोडीसुद्धा नाही. पॉटमध्ये ६० चिप्स आहेत. समोरचा खेळाडू त्याच्या उरलेल्या सगळ्या, म्हणजे १२० चिप्स पुढे सरकवतो आणि ऑल-इन म्हणतो. बाकीच्यांनी आधीच पाने टाकली आहेत. आता तुम्ही १२० चिप्स घालून कॉल करायचा की पाने टाकून द्यायची?

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडी ओळख. होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पाने बंद मिळतात आणि सर्वांसाठी मिळून पाच पाने टेबलावर उघडतात: आधी एकदम तीन, म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न आणि शेवटचे रिव्हर. या सात पानांतून ज्याची पाच पाने सर्वांत वरचढ, तो पॉट घेतो. पुढच्या पानांवर अवलंबून असलेल्या अर्धवट हाताला ड्रॉ म्हणतात. तुमच्याकडे आहे तो त्यातल्या सर्वांत भक्कम प्रकारांपैकी एक.

टेबलावर बसलेल्या माणसाला हा प्रश्न धाडसाचा वाटतो. छाती असेल तर कॉल, नसेल तर माघार. खरे तर तो वाट्याचा प्रश्न आहे. जी पाने अजून उघडलेलीच नाहीत, त्यांच्या भरवशावर या पॉटमधला किती हिस्सा आज, आत्ता, तुमच्या हक्काचा आहे? हे कळले की उत्तर आपोआप मिळते.

१६५४ सालची पत्रे

हा प्रश्न पोकरहून जुना आहे. १६५४ च्या उन्हाळ्यात पॅरिसमधला ब्लेझ पास्कल आणि तुलूझमधला पिएर द फर्मा या दोन गणितज्ञांत पत्रव्यवहार झाला. शेव्हालिए द मेरे या जुगाराच्या शौकीन गृहस्थाने पास्कलपुढे एक जुना पेच मांडला होता: डाव अर्धवट मोडावा लागला, तर मधे ठेवलेले पैसे कसे वाटायचे? पास्कलने उदाहरण घेतले ते असे. दोन खेळाडूंनी प्रत्येकी ३२ पिस्तोल, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी, लावली आहेत. जो आधी तीन डाव जिंकेल तो सगळे ६४ घेईल. पहिल्याचे दोन डाव झाले आहेत, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबला.

पास्कल म्हणतो, पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर ६४ त्याचे. हरला तर दोघे बरोबरीत येतील आणि ३२ तरी त्याचेच. म्हणजे ३२ त्याचे ठरलेलेच आहेत, उरलेल्या ३२ वर दोघांचा सारखा हक्क आहे. म्हणून पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६. झालेल्या डावांकडे न बघता होऊ शकणाऱ्या डावांकडे बघून वाटणी करायची, हा विचार तिथे पक्का झाला आणि संभाव्यतेचे गणित त्यातून उभे राहिले.

फ्लॉपवरचा ऑल-इन हा नेमका असाच अर्धवट डाव आहे. पैसे लावून झाले आहेत, पुढे बोली नाही, डावपेच नाहीत. उरली आहेत फक्त दोन बंद पाने.

आधी भाव, मग पाने

पहिले काम भाव काढण्याचे. पॉटमध्ये ६० होते, समोरच्याचे १२० आले, तुमचे १२० गेले की एकूण ३००. तुम्ही ३०० पैकी १२० देणार, म्हणजे ४० टक्के. तुमचा वाटा ४० टक्क्यांहून जास्त असेल तर कॉल फायद्याचा, कमी असेल तर तोट्याचा. पॉटमध्ये आधी घातलेल्या चिप्स आता तुमच्या राहिलेल्या नाहीत. 'इतके घातलेच आहेत, आता कसे सोडू' हा विचार या हिशेबात कुठेच बसत नाही.

हा भाव समोरच्याच्या बोलीवर ठरतो. त्याने पॉटच्या निम्म्याइतके लावले तर तुम्हाला २५ टक्के वाटा पुरतो. पॉटइतके लावले तर ३३ टक्के लागतो. इथे त्याने पॉटच्या दुप्पट लावले म्हणून ४० टक्के. टेबलाचा मालक पॉटमधून आपली कपात घेत असेल तर तीही धरायला हवी: ३०० मधून ५ चिप्स गेल्या तरी गरज ४०.७ टक्क्यांवर जाते.

आता पाने. तुम्हाला पाच पाने दिसतात, न दिसणारी ४७. त्यांत बदामची नऊ. डाव पालटवणाऱ्या अशा पानांना खेळाडू आउट्स म्हणतात. टर्नला बदाम न येण्याची शक्यता ३८/४७, रिव्हरलाही न येण्याची ३७/४६. दोन्हींचा गुणाकार साधारण ०.६५. म्हणजे दोन पानांत निदान एकदा बदाम येण्याची शक्यता ३५ टक्के.

याच रीतीने इतर ड्रॉ मोजता येतात. दोन्ही टोकांनी उघड्या स्ट्रेटला, म्हणजे सलग चार पाने जमलेल्या हाताला, आठ आउट्स आणि ३१.५ टक्के. मधले एकच पान हवे असेल तर चार आउट्स आणि १६.५ टक्के. फ्लश आणि दोन टोकांचा स्ट्रेट एकदम जुळत असेल तर पंधरा आउट्स आणि ५४ टक्के. जोडीसुद्धा नसलेला असा हात समोरच्याच्या एक्क्यांच्या जोडीपुढेही वरचढ ठरू शकतो.

टेबलावर एवढा गुणाकार होत नाही, म्हणून खेळाडू एक सोपा आडाखा वापरतात. दोन पाने यायची असतील तर आउट्सना चाराने गुणा, एकच यायचे असेल तर दोनाने. आउट्स आठाहून जास्त असतील तर जितके जास्त तितके उत्तरातून वजा करा. पंधरा आउट्सचे साठ, त्यातून सात गेले, ५३. खरे उत्तर ५४. इतकी जवळीक पुरेशी आहे.

हा चाराचा गुणाकार ऑल-इनलाच लागू पडतो, हे विसरू नये. साध्या बोलीला कॉल केला तर तुम्ही फक्त टर्नचे पान विकत घेता. रिव्हर बघायचे तर पुन्हा पैसे मोजावे लागू शकतात. ऑल-इनमध्ये दोन्ही पाने एकाच किमतीत मिळतात आणि मधेच कोणी तुम्हाला हुसकावू शकत नाही. उलट बाजूने, फ्लश लागल्यावर समोरच्याकडून आणखी काही काढून घेण्याची आशाही संपते. जे मिळायचे ते या ३०० मध्येच.

तर फ्लशचे ३५ टक्के झाले. भाव ४० चा आहे. नुसत्या फ्लशच्या भरवशावर कॉल बसत नाही. पण एक्का आला तर एक्क्यांची जोडी होईल. ते तीन एक्के धरले तर बारा आउट्स, ४५ टक्के, आणि कॉल बसतो. म्हणजे सगळा निर्णय या तीन एक्क्यांवर आला: ते खरोखर तुमच्या उपयोगाचे आहेत का? त्याचे उत्तर समोरच्याच्या हातात दडलेले आहे.

समोरचा काय घेऊन बसला असेल

नवखा खेळाडू समोरच्याच्या हाताबद्दल एकच तर्क बांधतो आणि त्यावर पैसे लावतो. जाणता खेळाडू एक हात ठरवत नाही. तो शक्य हातांची यादी करतो आणि प्रत्येक हात किती प्रकारांनी येऊ शकतो ते मोजतो.

समजा, हा माणूस नेमाने खेळणारा आहे आणि इतकी मोठी उडी तो पुढच्या हातांवरच घेईल. एक, राजा-राणी. टेबलावरचा बदामचा राजा सोडून तीन राजे आणि चार राण्या उरतात, म्हणून १२ प्रकार. दोन, एक्का-राजा. बदामचा एक्का तुमच्याकडे आहे म्हणून तीन एक्के गुणिले तीन राजे, ९ प्रकार. तीन, सेट, म्हणजे हातात जोडी आणि तिसरे पान टेबलावर: राजे, नव्व्या किंवा चौक्या. प्रत्येकाचे तीन प्रकार, एकूण ९.

आता प्रत्येकाविरुद्ध तुमचा वाटा. राजा-राणीपुढे एक्के आणि बदाम दोन्ही चालतात, वाटा सुमारे ४५ टक्के. एक्का-राजापुढे एक्का आला तर त्याच्या दोन जोड्या होतात, तुमचे एक्के निकामी. वाटा ३७ टक्क्यांवर येतो. सेटपुढे एक्के निकामी आहेतच. शिवाय बदाम आले तरी टेबलावर कुठलीही जोडी पडली की त्याचे फुल हाउस, म्हणजे एकाच किमतीची तीन पाने आणि एक जोडी, होते, आणि ते फ्लशवर मात करते. वाटा फक्त २६ टक्के.

तीस प्रकारांची सरासरी काढा: १२ वेळा ४५, ९ वेळा ३७, ९ वेळा २६. उत्तर ३७ टक्के. भाव ४० चा. म्हणून पाने टाका. ३०० च्या ३७ टक्के म्हणजे १११. १२० देऊन सरासरी १११ परत, दर कॉलला ९ चिप्सचा तोटा.

आता यादीत एकच बदल करू. हा माणूस खालच्या फ्लश ड्रॉवरही ऑल-इन करतो असे तुम्ही पाहिले आहे: बदामची राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-सत्ती, सत्ती-छक्की. असे सहा प्रकार. त्यांच्यापुढे तुमचा एक्का आत्ताच वरचढ आहे आणि बदाम आले तरी फ्लश तुमचाच मोठा. राणी-गुलामासारख्या जवळच्या पानांना स्ट्रेटची वाट आहे, तरी सहांची सरासरी धरली तर तुमचा वाटा साधारण ७२ टक्के. हे सहा प्रकार मिळवले की छत्तीस प्रकारांची सरासरी ४३ टक्क्यांवर जाते. कॉल करा. ३०० च्या ४३ टक्के १२९, दर कॉलला ९ चिप्सचा फायदा.

पाने तीच, पॉट तोच, बोली तीच. फक्त समोरच्या माणसाच्या सवयीत सहा हातांचा फरक पडला आणि ९ चा तोटा ९ चा फायदा झाला. म्हणून ड्रॉ किती भक्कम आहे याचे उत्तर तुमच्या पानांत अर्धेच असते. उरलेले अर्धे तुम्ही गेला तासभर समोरच्याकडे किती लक्ष देऊन बघत होता त्यात असते. भाव आणि आउट्स कोणीही पाठ करू शकतो. ही यादी बनवणे हेच खरे कौशल्य आहे.

ढकलणारा आणि कॉल करणारा

इथे एक प्रश्न मनात येईल. कॉल इतका काठावरचा असेल, तर नामांकित खेळाडू भक्कम ड्रॉवर बेधडक ऑल-इन करताना का दिसतात? कारण ते कॉल करत नसतात, आधी ढकलत असतात. त्यांच्यापुढे जिंकण्याचे दोन रस्ते असतात: समोरचा पाने टाकेल, किंवा बदाम येईल. कॉल करणाऱ्यापुढे दुसरा रस्ता तेवढा उरतो.

आपल्याच डावात तुम्ही ६० च्या पॉटमध्ये आधी १२० ढकलले असे समजा. समोरचा शंभरात चाळीस वेळा पाने टाकतो, उरलेल्या साठ वेळा भक्कम हात घेऊन कॉल करतो आणि तेव्हा तुमचा वाटा ३७ टक्केच असतो. चाळीस टक्के वेळा ६० चिप्स लगेच तुमच्या, म्हणजे सरासरी २४. साठ टक्के वेळा ९ चा तोटा, म्हणजे ५.४. एकूण १८.६ चा फायदा. ज्या हातावर कॉल करणे तोट्याचे, त्याच हातावर ढकलणे फायद्याचे ठरले. डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन लेखक-खेळाडूने अशा बोलीला सेमी-ब्लफ हे नाव दिले. त्याचे 'द थिअरी ऑफ पोकर' १९८७ साली आले आणि आजही जाणकारांच्या कपाटात असते.

२००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या अंतिम फेरीतला गाजलेला डाव याच जातीचा. टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर आणि मुरलेला खेळाडू सॅमी फार्हा समोरासमोर होते. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. टर्नपर्यंत टेबलावर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की आणि इस्पिकची अठ्ठी. म्हणजे फ्लश आणि दोन टोकांचा स्ट्रेट, दोन्ही एका पानावर अडलेले. त्याने तिथे बोली वाढवली. रिव्हरला बदामची तिर्री आली, दोन्ही ड्रॉ वाया गेले. तरी त्याने सगळ्या चिप्स पुढे केल्या. फार्हाकडे नव्व्यांची जोडी होती, म्हणजे तो जिंकत होता. बराच विचार करून त्याने पाने टाकली. मनीमेकर पुढे विजेता ठरला आणि त्याला २५ लाख डॉलर मिळाले. त्या रात्री त्याचा ड्रॉ लागलाच नव्हता. तो डाव त्याने पुढाकारावर जिंकला.

चिपची किंमत कधी बदलते

आतापर्यंत एक चिप म्हणजे एक चिप असे धरले. रोखीच्या टेबलावर ते खरे आहे, स्पर्धेत नाही. एखाद्या पात्रता स्पर्धेत दहा जणांना सारखेच बक्षीस आहे आणि अकरा उरले आहेत असे समजा. भरपूर चिप्स असलेल्याला आणखी चिप्स मिळून काही लाभ नाही, पण बाद झाला तर सगळे जाते. तिथे ६० टक्के वाटा असूनही कॉल चूक ठरू शकतो. नेहमीच्या स्पर्धेतही हरलेली चिप जिंकलेल्या चिपपेक्षा महाग असते, म्हणून बक्षिसाची रेषा जवळ आली की लागणारा वाटा भावापेक्षा वर जातो.

दुसरा हिशेब स्वतःच्या थैलीचा. ४३ टक्के वाट्याचा कॉल फायद्याचा, पण शंभरातून ५७ वेळा हरण्याचा. असे पाच कॉल ओळीने हरण्याची शक्यता सुमारे ६ टक्के आहे. १९५६ साली बेल लॅबमधल्या जॉन केलीने एक सूत्र मांडले: फायद्याच्या डावातही थैलीचा किती भाग लावावा? आपल्या डावात १२० लावून १८० मिळण्याची ४३ टक्के शक्यता आहे. सूत्रात घातले तर उत्तर येते ५ टक्के. म्हणजे १२० ची जोखीम घ्यायला निदान २,४०० ची थैली हवी. त्याहून लहान थैली असलेल्याने हा डाव टाळणे हीच समजूतदारी आहे, मग हिशेब कितीही अनुकूल असो.

निर्णय वेगळा, निकाल वेगळा

निर्णय आणि निकाल वेगळे असतात, हे ड्रॉवरच्या कॉलइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही. ४३ टक्क्यांवर केलेला योग्य कॉल बहुतेक वेळा हरतो. ३७ टक्क्यांवर केलेला चुकीचा कॉल शंभरातून ३७ वेळा जिंकतो, आणि पुढच्या कित्येक चुकांना धीर देऊन जातो. निकालावरून निर्णय तोलणारा माणूस त्यामुळे दोन्हीकडून चुकीचे शिकतो.

निकालाची ही लहर आवरण्यासाठी अनेक टेबलांवर मोठ्या ऑल-इननंतर दोघांच्या संमतीने उरलेली पाने दोनदा वाटतात आणि अर्धा-अर्धा पॉट त्यावर ठरवतात. त्याने कोणाचाही सरासरी वाटा बदलत नाही, चढउतार तेवढे कमी होतात. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला याच्या पुढचे पाऊल टाकले गेले. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे तुओमास सँडहोम आणि नोअम ब्राउन यांनी तयार केलेला लिब्राटस हा संगणक प्रोग्राम चार व्यावसायिक खेळाडूंशी १,२०,००० डाव खेळला. नशिबाचा भाग कमी करण्यासाठी तिथे नियम होता की सगळी पाने उघडण्याआधी दोघे ऑल-इन झाले तर पुढची पाने वाटायचीच नाहीत. ज्याचा जेवढा वाटा तेवढ्या चिप्स त्याला. पास्कलची वाटणी जशीच्या तशी. लिब्राटस मोठ्या फरकाने जिंकला, आणि ते यश पानांच्या लहरीवर ढकलता येण्यासारखे नव्हते.

वाचकाने यातून काय घ्यावे? पैसे लावून शिकण्याची काहीच गरज नाही. आपल्याकडे वाटही अरुंद आहे: महाराष्ट्रात १८८७ पासून जुगार प्रतिबंधक कायदा आहे, गोव्यात परवाना असलेल्या कॅसिनोंत आणि मांडवीतल्या जहाजांवर खेळ चालतो, आणि पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर संसदेने २०२५ च्या कायद्याने बंदी घातली आहे. पण पत्त्यांचा एक जोड घरोघरी असतो. बदामचा एक्का-पंजी एका बाजूला, इस्पिकचा राजा आणि इस्पिकची राणी दुसऱ्या बाजूला, मधे तो फ्लॉप मांडा. उरलेली पाने पिसून दोन-दोन उघडा, निकाल लिहा, पुन्हा पिसा. मग समोर नव्व्यांची जोडी ठेवून तेच करा. शंभरेक वेळा केलेत की ४५ आणि २६ यांतला फरक डोळ्यांना दिसू लागेल. त्यानंतर कुठल्याही टेबलावर क्रम हाच ठेवा: आधी भाव, मग समोरच्याची यादी, मग आपला वाटा, मग थैली. वाटा भावाहून मोठा असेल आणि थैलीला तो झेपत असेल तर कॉल करा, नाहीतर पाने टाका. त्यानंतर जे पान उघडेल, त्याला तुमच्या निर्णयाचा पुरावा मानू नका.